साठी, बुद्धी आणि मारिओचा बाप

माझा भाचा पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या त्याने निकाल देऊन टाकला, "मामा, तुझा मियामोतो संपला रे. हात गेला त्याचा." चकली मोडावी इतक्या सहज. माझ्या तोंडात अनारसा होता आणि समोर बहीण होती, म्हणून तेव्हा मी गप्प बसलो. ते उत्तर आता देतो.

त्याचं आरोपपत्र तयार होतं. २००८ चं 'वी म्युझिक' : हातातला रिमोट हलवायचा, सूर आपोआप जुळून येतात, गुण नाहीत की हारजीत नाही. २०१२ चं 'पेपर मारिओ : स्टिकर स्टार' : एका लाडक्या मालिकेची गोष्ट आणि पात्रं कापून टाकलेली. २०१६ चं 'स्टार फॉक्स झीरो' : एक डोळा टीव्हीवर, दुसरा हातातल्या पडद्यावर आणि विमान डोंगरावर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आयफोनवर 'सुपर मारिओ रन' : मारिओ स्वतःच पळतो, आपण नुसतं टिचकी मारायची. आणि त्यानंतर? सिनेमा, थीम पार्क, संग्रहालय. "यात खेळ कुठाय, मामा?"

शिगेरू मियामोतो, म्हणजे निंटेंडो या जपानी कंपनीत मारिओ घडवणारा माणूस, त्याचा जन्म १९५२ चा. म्हणजे 'स्टिकर स्टार' आला ते नेमकं त्याच्या साठीचं वर्ष. भाच्याला हा योगायोग माहीत नव्हता. मीच त्याच्या हातात देतो, कारण असल्या आरोपांच्या तळाशी आपली जुनी म्हण हमखास असते. साठी बुद्धी नाठी. ती म्हण कुणी केली ठाऊक नाही, पण करणारा तिशीतला असणार.

(मियामोतोला मी अरे-तुरे करतोय हे काहींना खटकेल. ज्याच्या खेळाने आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गिळल्या त्याला अहो-जाहो करायला जीभ वळत नाही.)

सांगलीत आमच्याकडे त्याचा खेळ आला तेव्हा त्या खेळावर कुणाचंच नाव नव्हतं. निंटेंडोचं खरं यंत्र आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. होती ती नक्कल : पिवळ्या कॅसेटी, वर हजारो खेळांचा छापील दावा, आत तेच दहा-बारा खेळ उलटसुलट. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, पुन्हा घालायची. त्या दहा-बारांतला एक 'मारिओ'. ना पुस्तिका, ना सूचना. इंग्रजी शब्द होते तेही आम्हाला पाचवीत कळण्यासारखे नव्हते. तरी गल्लीतल्या प्रत्येकाला पाच मिनिटांत सगळं कळत होतं, हे मला तेव्हा आश्चर्याचं वाटलं नाही. आता वाटतं.

माझी आई एकदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, दे बघू इकडे. पहिल्या खेपेला डावीकडून उजवीकडे चालत गेली आणि समोरून आलेल्या तपकिरी टकल्याला धडकून मेली. दुसऱ्या खेपेला तिने उडी मारली. डोकं वरच्या चौकोनावर आपटलं, नाणं निघालं, ती हसली. तिसऱ्या खेपेला एका चौकोनातून अळिंबी बाहेर आली. तिचा आकार त्या टकल्यासारखाच, म्हणून आई तिच्यापासून पळू लागली. पण ती अळिंबी उजवीकडे घरंगळते, खाली पडते, हिरव्या पाइपवर आपटते आणि उलटी आपल्याच अंगावर येते. आई घाबरून उडाली, पण वर विटांची रांग; डोकं आपटून ती नेमकी अळिंबीवरच पडली. आणि मारिओ मोठा झाला. "अगंबाई, हे चांगलं असतं होय!"

हा अपघात नव्हता. क्योतोमध्ये बसलेल्या माणसाने तो आखलेला होता. पाइप तिथे का, विटा त्या उंचीवर का, अळिंबी उजवीकडेच का जाते, याचं उत्तर एकच : ज्याने आयुष्यात कधी खेळणं हातात घेतलेलं नाही त्याची चूक त्याच्याच फायद्याची व्हावी. हा सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढली. पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. पण नवख्या माणसासाठी जागा ठेवली.

आईची आणखी एक लकब सांगायची राहिली. मारिओने उडी मारावी म्हणून ती बटण तर दाबायचीच, शिवाय अख्खा रिमोट दोन्ही हातांनी वर उचलायची. आम्ही पोटं धरून हसायचो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तर हात म्हणतात तो हा. मियामोतोचा हात कधीच कल्पनांच्या कारंज्याचा नव्हता, हे त्याच्या भक्तांनाही पटत नाही आणि टीकाकारांनाही. 'डाँकी काँग' कसा जन्मला ते बघा. १९८० च्या सुमारास निंटेंडोने अमेरिकेत 'रडार स्कोप' नावाची सुमारे ३,००० यंत्रं पाठवली, त्यातली साधारण हजारच खपली. दोन हजार खोकी गोदामात धूळ खात पडलेली. अध्यक्ष हिरोशी यामाउचीने हे लोढणं एका पोराच्या गळ्यात बांधलं. हा पोरगा १९७७ मध्ये वडिलांच्या ओळखीतून कंपनीत लागलेला, शिक्षण औद्योगिक डिझाइनचं, प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. पॉपायच्या पात्रांचे हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने गोरिला, सुतार आणि तरुणी उभी केली. सुताराला मिशी का? तेवढ्या थोड्या ठिपक्यांत नाक आणि तोंड वेगळं दाखवता येत नव्हतं म्हणून. टोपी का? केस हलवून दाखवणं अवघड म्हणून. सगळं अडचणीतून आलेलं. उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी करावी तसं.

त्यात किती जण होते तेही बघा. त्याच्या डोक्यावर गुनपेई योकोई होता, वयाने आणि अनुभवाने मोठा. प्रोग्रॅमिंग इकेगामी त्सुशिन्की या बाहेरच्या कंपनीच्या अभियंत्यांनी केलं. 'सुपर मारिओ'त अर्धा वाटा ताकाशी तेझुकाचा. गल्लीत ज्या चालीवर आम्ही शिट्ट्या मारायचो ती कोजी कोंडोची. तोशिहिको नाकागोच्या माणसांनी ते ४० किलोबाइट चालवून दाखवले. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'वर दिग्दर्शक म्हणून एकाहून अधिक नावं आहेत, आओनुमा आणि कोइझुमी त्यांतलीच. मियामोतो तिथे निर्माता आहे. तेव्हा मासिकांनी काय छापलं? मियामोतोचा चमत्कार. आता 'स्टार फॉक्स झीरो' पडला, जो ओसाकाच्या प्लॅटिनमगेम्सबरोबर मिळून केलेला होता, तर काय छापतात? मियामोतोची घसरण. तेव्हा चारचौघांचं श्रेय एकाच्या पदरात घातलं, आज चारशेंचं अपश्रेय एकाच्या माथी मारतात. हिशोब तेव्हाही चुकीचा होता. एवढंच की तेव्हा चूक गोड होती.

दुसरी गोष्ट, त्याच्या तरण्या वयातल्या पडझडीची यादी भाचा कधीच वाचून दाखवत नाही. १९८३ चा 'डाँकी काँग ३' : मारिओ गायब, त्याच्या जागी काचघरात कीटकनाशक फवारणारा एक गृहस्थ. आज तो पैजेच्या प्रश्नमंजूषेपुरता उरला आहे. १९८४ चं 'डेव्हिल वर्ल्ड' : पॅक-मॅनच्या वाटेवर चाललेलं, क्रूस आणि सैतान असलेलं, त्या काळी अमेरिकेच्या बाजारात गेलंच नाही. मियामोतो तेव्हा तिशीत होता. ते आपण विसरलो, कारण पुढच्याच वर्षी, १९८५ च्या सप्टेंबरात, 'सुपर मारिओ' आला आणि मागचं सगळं धुऊन निघालं. तरुणाचं अपयश म्हणजे उमेदवारी आणि म्हाताऱ्याचं अपयश म्हणजे निदान, हा कुठला न्याय?

भाच्याने नंतर व्हॉट्सअॅपवर आणखी नावं पाठवली. केइजी इनाफुनेचं 'मायटी नंबर ९', लोकांनी वर्गणी काढून दिलेले लाखो डॉलर आणि २०१६ मध्ये हाती आलेला सुमार खेळ. युजी नाकाचं २०२१ चं 'बालन वंडरवर्ल्ड'. खाली एक ओळ : "सगळेच म्हातारे." ही एक सोय आहे, विचार नव्हे. नाकाला तो खेळ बाजारात येण्याआधी सहा महिने दिग्दर्शकाच्या खुर्चीवरून उठवलं होतं आणि त्यावरून तो कंपनीविरुद्ध कोर्टात गेला, असं त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. पैसा, करार, मुदत, भांडण यांतलं काय कुठे नडलं ते बघायचा कंटाळा आला की वय हे उत्तर हाताशी असतं. आणि वयच कारण असेल तर २०२३ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'चं काय करायचं? त्याचा निर्माता तोच तेझुका, साठी ओलांडलेला, आणि खेळ असा की हत्ती झालेला मारिओ बघून माझी पुतणी अजून हसते.

आता आईचा तो वर उचललेला रिमोट.

२००६ मध्ये निंटेंडोचं 'वी' आलं. त्याच्या रिमोटला हाताची हालचाल कळत होती. म्हणजे वीस वर्षं आपण ज्यावर हसत होतो तीच लकब खेळाचा पाया झाली. आईची लकब बघून त्यांनी ते केलं असं मी म्हणत नाही, पण जगभरच्या आया तेच करत होत्या आणि कुणीतरी त्याच्यावर न हसता ते बघत होतं. 'वी स्पोर्ट्स'च्या आठ कोटींहून जास्त प्रती गेल्या. बऱ्याच देशांत तो यंत्राबरोबरच मिळायचा हे खरं, पण यंत्र तरी लोकांनी कशासाठी घेतलं? त्याच्या एक वर्ष आधी 'निंटेंडॉग्ज' आलं, मियामोतोच्या घरी कुत्रं आलं त्यातून सुचलेलं. एक वर्ष नंतर 'वी फिट', घरात रोज वजन करून तक्त्यावर मांडायच्या सवयीतून निघालेलं. सव्वादोन कोटींच्या आसपास खप. आणि २००१ चं 'पिक्मिन' बागेतून, मुंग्यांची रांग बघता बघता. पंचेचाळिशीच्या पुढचा माणूस, बाग, कुत्रं आणि वजनकाटा. ज्यांना याच्यात सर्जनशीलता दिसत नाही त्यांना ती फक्त तलवारीत आणि ड्रॅगनमध्ये दिसते. खरं सांगायचं तर मला स्वतःला 'वी फिट' अतिशय कंटाळवाणं वाटलं होतं. पण माझ्या कंटाळ्याचा आणि त्याच्या हाताचा काय संबंध?

इथे भाच्याच्या धंद्याबद्दल एक शब्द, म्हणजे घरात नवा वाद. 'सुपर मारिओ रन' पडलं म्हणतात ते कशावरून? पहिल्या काही पायऱ्या फुकट, आवडलं तर एकदाच साधारण दहा डॉलर द्यायचे, खेळ तुमचा. लोकांनी उतरवून घेतलं पुष्कळ, पैसे थोड्यांनी दिले, आणि नफा अपेक्षेइतका झाला नाही हे निंटेंडोनेही कबूल केलं. दोन महिन्यांनी त्याच कंपनीचं 'फायर एम्ब्लम हीरोज' आलं, नशिबाची चिठ्ठी काढत राहायची आणि पैसे घालत राहायचे या तऱ्हेचं. त्याने मारिओपेक्षा कितीतरी जास्त कमावलं. तरी २०१८ च्या ऑगस्टमध्ये योकोहामातल्या खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत मियामोतो आपल्या हिशोबाची बाजू घेऊन उभा राहिला : ठरलेली किंमत घ्या, रास्त घ्या, लोकांना पिळू नका. भाचा ज्या फळ्यासमोर रोज सकाळी उभा राहतो त्यावर तिसाव्या दिवशी किती जण टिकले याचा आकडा असतो. त्या फळ्यावर 'मारिओ रन' नापास आहे. त्याच फळ्यावर सुट्टीत आठवडाभर जीव तोडून खेळून मग शाळा सुरू झाली म्हणून कपाटात टाकलेला प्रत्येक खेळ नापास आहे.

आता जिथे भाचा बरोबर आहे तिथे येतो. तिथे तो जितका समजतो त्याहून जास्त बरोबर आहे.

'पेपर मारिओ' ही मालिका गोष्टीवर चालायची. २००४ चं 'थाउजंड इयर डोअर' लोकांना आवडलं ते त्यातल्या चिवट, वात्रट, विचित्र पात्रांसाठी. 'स्टिकर स्टार'चा सुरुवातीचा नमुना त्याच वळणाचा होता. मियामोतोने तो पाहिला आणि हे तर जुनंच पुन्हा वाढलंय, बदला, असं सांगितलं. पुढे गोष्टीची खरंच गरज आहे का, असं विचारलं, आणि पात्रं शक्यतो मारिओच्या नेहमीच्या दुनियेतलीच घ्या, असंही. हे मी कुजबुज म्हणून सांगत नाही. निंटेंडोनेच प्रसिद्ध केलेल्या, कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष इवाता याच्याबरोबरच्या मुलाखतीत बनवणाऱ्यांनी ते सांगितलं आहे. परिणाम? गोष्ट गेली, पात्रांच्या जागी एकसारखे दिसणारे अळिंबीवाले आले, आणि लढाई करून काही मिळत नसेल तर लढायचं कशाला, असा साधा प्रश्न खेळणाऱ्याला पडू लागला. मी तो खेळ अर्ध्यात सोडला.

पण हे बुद्धी नाठण्याचं लक्षण आहे का? ज्या नियमाने १९८५ चा मारिओ झाला तोच हा नियम. हाताला मजा वाटेना तर गोष्ट सांगून उपयोग नाही. म्हणून आधी गोष्ट काढा, मग बघा काय उरतं. 'सुपर मारिओ ६४' च्या वेळी त्यांनी आधी एका मोकळ्या जागेत मारिओ आणि एक ससा सोडला आणि पळणं, वळणं, पकडणं यातच मजा येते का ते घोटत बसले. बाकीचं जग नंतर. तोच वैद्य, तेच औषध. फक्त 'पेपर मारिओ'चा रोगी वेगळा होता. त्याची सगळी ताकदच गोष्टीत होती. औषध शिळं झालेलं नव्हतं. ते चुकीच्या माणसाला पाजलं.

मग ते थांबवलं का नाही कुणी? खरी गाठ इथे आहे. निंटेंडोत एक शब्द चालतो : चाबुदाई-गाएशी. चाबुदाई म्हणजे जमिनीवर बसून जेवायचं बुटकं टेबल, आणि रागावलेल्या बापाने ते भांड्यांसकट उलथून टाकणं म्हणजे चाबुदाई-गाएशी. खेळ होत आला की मियामोतो येतो आणि टेबल उलथतो, यावरून कंपनीतल्या लोकांनी थट्टेने तो शब्द त्याला चिकटवला. मांडलेली रांगोळी पायाने पुसून पुन्हा काढा म्हणण्यासारखं. त्याच्या कित्येक चांगल्या खेळांच्या पाठीशी हे उलथलेलं टेबल आहे. पण रांगोळी पुसणारा तिशीतला असतो तेव्हा त्याला योकोई विचारतो, कशासाठी? यामाउची विचारतो, किती दिवस? रांगोळी पुसणारा साठीचा असतो, शिवाय संचालक मंडळावर असतो, त्याच्या नावाला जगभरचे पुरस्कार असतात, तेव्हा समोरचा पंचविशीतला मुलगा काय विचारणार? साठीच्या त्या माणसाने नुसतं, याची गरज आहे का, असं पुटपुटलं तरी ती आज्ञा होते. प्रश्न बुद्धीचा नाही, वजनाचा आहे.

वजनाला उत्तर देणारा कुणी असला की काय होतं तेही बघा. २००७ च्या 'सुपर मारिओ गॅलक्सी'त रोझालिनाच्या बालपणाची एक चित्रकथा आहे, त्या मालिकेत कधी न सापडलेल्या हळव्या सुराची. ती दिग्दर्शक योशिआकी कोइझुमीने रात्री उशिरा, बाकीचे घरी गेल्यावर, जवळजवळ चोरून लिहिली, कारण मियामोतोला गोष्टींचं वावडं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती खेळात राहिली. गोलाकार ग्रहांवर उलटंसुलटं धावण्याची मजा आणि त्या चित्रकथेचं हळवेपण एकाच खेळात नांदतात, आणि मला तो खेळ दोन्हींसाठी आवडतो. ज्या घरात सासऱ्याच्या नकळत थोडं तूप वाढणारी सून असते त्या घरातली मुलं बाळसं धरतात.

उलट 'स्टार फॉक्स झीरो'त मियामोतोने स्वतःचाच नियम मोडला, आणि तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. टीव्हीवर विमान बाहेरून दिसतं, हातातल्या गेमपॅडवर वैमानिकाच्या जागेवरून. नेम गेमपॅड कलवून धरायचा. माझ्या आईचं तर सोडाच, माझंही डोकं गरगरलं. नवख्याची चूक त्याच्या फायद्याची व्हावी म्हणून पाइप कुठे असावा हे ठरवणारा माणूस असं कसं करतो? कारण खेळातून त्याला एक यंत्र विकायचं होतं. 'वी यू'ची कशीबशी १ कोटी ३५ लाख यंत्रं खपली. तो हातातला पडदा कशासाठी आहे हे कंपनीला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, आणि ते सांगायचं काम अखेर याच्याकडे आलं. सर्जकाला वकीलपत्र घ्यायला लावलं की असं होतं. पण मग 'हात गेला' म्हणू नका. 'हात गहाण पडला' म्हणा, ते मी मान्य करतो.

त्याला याची कल्पना नव्हती असंही नाही. २०११ च्या डिसेंबरात 'वायर्ड'च्या मुलाखतीत तो बोलून गेला की मोठ्या पदावरून बाजूला व्हावं, तरुणांबरोबर काहीतरी छोटं करावं. बातमी फुटली, शेअर घसरला, आणि कंपनीने घाईघाईने खुलासा केला की छे छे, असं काही नाही. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला छोटा होऊ देत नाहीत आणि मग म्हणतात, बघा, किती अवजड झालाय.

सिनेमाचा आणि पार्कांचा मुद्दा मी लवकर आटोपतो, कारण त्यात मला फारसा रस नाही. २०२३ च्या मारिओपटावर समीक्षकांनी नाकं मुरडली, मलाही तो यथातथाच वाटला, आणि त्याने १३० कोटी डॉलरच्या वर धंदा केला. १९९३ मध्ये हॉलिवूडने मारिओवर काढलेला भयाण चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना मियामोतो या वेळी स्वतः निर्माता म्हणून का बसला हे सांगायला नको. ओसाकाच्या पार्कात मुलं प्रश्नचिन्हाचे चौकोन खरोखर डोक्यावर हात नेऊन ठोकतात. आईचा रिमोट पुन्हा एकदा, फक्त सिमेंटात.

मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते दोन छोटे प्रसंग, ज्यांत त्याने काहीच बनवलं नाही.

पहिला 'स्प्लाटून'चा. २०१५ मध्ये आलेला हा खेळ निंटेंडोतल्या पुढच्या पिढीने केला. सुरुवातीला त्यात पात्रं म्हणजे टोफूसारखे पांढरे ठोकळे होते, शाई उडवणारे. मग त्यांचे ससे झाले. पोरांना कल्पनांचा इतका पूर आला की नेमकं काय करायचंय तेच ठरेना. मियामोतोने ते पाहिलं आणि मला काही समजत नाही, तुम्हाला करायचंय तरी काय, असं त्यांना झापलं. ती पोरं परत गेली आणि माकूल घेऊन आली : शाईत बुडी मारणारं, बाहेर आलं की माणूस होणारं. शाई का, लपणं का, पोहणं का, सगळ्याला एकच उत्तर. माकुलाची कल्पना त्याची नाही, हे मी मुद्दाम सांगतो. त्याने फक्त 'समजत नाही' म्हटलं. साठीच्या माणसाला 'मला समजत नाही' असं मोठ्याने म्हणायची लाज वाटली नाही आणि ते ऐकून पोरांनी त्याला म्हाताऱ्यात काढलं नाही. माझ्या आईने 'दे बघू इकडे' म्हणावं, त्यातलंच ते.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. याने राखला तो हाच, न कळण्याचा.

दुसरा प्रसंग 'झेल्डा' मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चा. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी, निर्माता आओनुमा. मियामोतो आता त्यांच्याही वरच्या पायरीवर. एवढं मोठं जग उभं केलेलं, डोंगर, देवळं, राक्षस, आणि ते पहिल्यांदा त्याच्या हातात दिलं. अख्खी टीम मागे उभी. टेबल उलथणार की काय या भीतीने. आणि तो गेला एका झाडापाशी, वर चढला. खाली आला, दुसऱ्या झाडावर चढला. तासभर तो झाडांवर चढत-उतरत राहिला, असं आओनुमाने पुढे सांगितलं. ज्या पोराने आपल्या सोनोबे गावच्या रानात भटकताना एक गुहा शोधून काढली आणि कंदील घेऊन आत शिरला, ('झेल्डा' त्यातूनच सुचलं असं तो सांगत आलाय), तो पोरगा साठी उलटल्यावरही तासभर झाडावर चढत होता. डोंगराकडे बघितलंसुद्धा नाही.

हे एवढं मात्र मी भाच्याला भाऊबीजेला सांगितलं. त्याने चिवड्यातले शेंगदाणे वेचत ऐकून घेतलं.

"एक तास? आमच्याकडे टेस्टर एक तास झाडावर बसला तर आम्ही झाडच काढून टाकू."

"काढाल."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, वर होतं काय?"

"काही नाही रे. सफरचंदं असतील."